घशाची फिर्याद

नागपुरात एखाद्या गृहस्थाचा आवाज बसला, की त्याबद्दलची पहिली फिर्याद हवेविरुद्ध दाखल होते. उन्हाळा असेल तर कूलरच्या वाऱ्याविरुद्ध, पावसाळा असेल तर ओलसर भिंतींविरुद्ध, आणि हिवाळा असेल तर पहाटेच्या त्या बोचऱ्या गारव्याविरुद्ध, जो खरे पाहता या शहराच्या वाट्यास आलेले एकमेव निसर्गदत्त सुख होय. हवा निर्दोष सुटलीच, तर सिमेंटच्या रस्त्यांवरची धूळ, शेजारच्या मंगल कार्यालयातील ध्वनिवर्धक, कोणाची तरी लागलेली दृष्ट, आणि अगदीच कोणी हाती न लागल्यास गेल्या उन्हाळ्यात खाल्लेला बर्फाचा गोळा, अशा क्रमाने एकेका संशयितास पाचारण करण्यात येते. मात्र काल रात्री साडेदहाला, घाम पुसत आणि नाक ओढत, ज्याचा यथेच्छ समाचार घेतला, त्या सावजी रश्शाचे नाव या यादीत कधीही आढळत नाही. तो घरचा माणूस. आणि घरच्या माणसाविरुद्ध जबानी देण्याची रीत आमच्याकडे नाही.

वास्तविक जठर आणि कंठ यांच्यामधील अंतर ते काय! शून्य मैलाचा खांब गावात असल्यामुळे मुंबई इतकी, दिल्ली इतकी, मद्रास इतके अशी अंतरे आम्ही पाहुण्यास मोठ्या अभिमानाने ऐकवीत असतो. परंतु स्वतःच्या पोटापासून स्वतःच्या गळ्यापर्यंतची मजल किती, हे विचारले तर आम्ही गप्प. ती आहे अवघी २५ सेंटिमीटर, म्हणजे एक वीत आणि वर बोटभर. अन्ननलिका नामक या आखूड रस्त्याच्या दोन्ही टोकांस स्नायूंच्या कड्यांचे एकेक नाके बसविलेले असून, माल खाली जाऊ द्यावा, वर येऊ देऊ नये, एवढाच त्या नाकेदारांस हुकूम आहे. खालचा नाकेदार मूळचाच सैल वृत्तीचा. दिवसातून कित्येकदा तो आम्ल वर सोडतो, आणि अन्ननलिकेस त्याचे फारसे सोयरसुतकही नसते, कारण लाळ, श्लेष्मा आणि स्वतःची खाली ढकलण्याची गती या तीन साधनांनी ती आपली बाजू सांभाळून घेते. प्रश्न येतो तो वरचा नाकेदार डुलकी घेतो तेव्हा. त्याच्या अगदी पुढ्यात, भिंतीला भिंत लागून, स्वरयंत्राचा वाडा उभा आहे. आणि या वाड्यास आम्लाशी मुकाबला करण्याची सवय नाही, शिक्षण नाही, साधनही नाही. अन्ननलिकेस जे रोजचे, ते स्वरयंत्रास आठवड्यातून तीन वेळा घडले तरी भारी पडू शकते, असे या विषयातील काही अधिकारी व्यक्तींचे मत आहे.

यात आणखी एक अन्याय आहे, आणि तो मला विशेष बोचतो. घसा बसला की आपण वरून ज्येष्ठमध चघळतो, मध-आले चाटतो, खडीसाखर आणि लवंग गालात धरतो, हळदीचे दूध घेतो. पण गिळलेला कोणताही पदार्थ स्वरतंतूंस स्पर्शच करीत नाही, कारण घास उतरताना स्वरयंत्रावर झाकण पडते आणि औषध मागच्या वाटेने खाली निघून जाते. म्हणजे वरून पाठविलेली मदत त्या वाड्यात पोहोचत नाही, आणि खालून येणारा उपद्रव मात्र थेट माजघरात शिरतो. शिवाय ही मदत शेवटी जाते कोठे? जठरात! साय धरलेले हळदीचे दूध रात्री अकराला पोटात गेले, की मूळ आरोपीस रसदच मिळते. वक्ते आणि गवई खिशात बाळगतात त्या पुदिन्याच्या गोळ्यांविषयी तर बोलूच नये. पुदिना खालच्या नाकेदारास अधिकच सैल करतो.

आमच्या प्राचीन वैद्यांस हे ठाऊक नव्हते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. माधवकरांच्या निदानग्रंथात अम्लपित्ताचे ऊर्ध्वग आणि अधोग असे दोन भेद सांगून, छाती व कंठ यांचा दाह त्याच्या लक्षणांत नोंदविलेला आहे. त्याच ग्रंथात स्वरभेदाचे सहा प्रकार दिले असून त्याच्या कारणांत उच्च स्वरात बोलणे हे ठळकपणे घातले आहे. परंतु स्वरभेद आहे १३व्या अध्यायात आणि अम्लपित्त ५१व्या. आणि एकाच माणसाच्या एका वितीत घडणारी ही दोन प्रकरणे दोन दप्तरांत पडून राहिली, ती पुढे सरकारी खात्यांच्या रिवाजाप्रमाणे शतकानुशतके पडूनच राहिली. आजही घशाचा रोगी नाक-कान-घशाच्या दाराशी बसतो, पोटाचा रोगी पोटाच्या. आणि या दोन खात्यांमधील पत्रव्यवहार बहुधा रोगी स्वतःच, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, इकडून तिकडे वाहत असतो.

मुळात जिवंत माणसाचे स्वरयंत्र पाहण्याची युक्ती प्रथम गाजविली ती कोणा वैद्याने नव्हे, तर मानुएल गार्सिया नावाच्या गानगुरूने. १८५४ साली पॅरिसमध्ये त्याने दातवैद्याचा लांब दांड्याचा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडले आणि स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले; पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने आपले निरीक्षण मांडले. हा मनुष्य १०१ वर्षे जगला. शास्त्रास लागणारे ऊन नागपुरात मुबलक असून आणि गाणारेही बरेच असून हा शोध आमच्याकडे लागला नाही, याचे कारण उघड आहे: गार्सियाने जो उद्योग भर उन्हात केला, त्या वेळी आम्ही खिडक्यांस वाळ्याच्या ताट्या लावून निजलेले असतो.

पुढे १९६८ साली चेरी आणि मार्ग्युलिस या दोघा संशोधकांनी स्वरतंतूंवरील चिवट व्रणाचे बोट जठराकडे दाखविले. त्याच सुमारास कुत्र्यांच्या स्वरतंतूंस जठररस लावून पाहण्यात आला. लाळ लावलेले तंतू जसेच्या तसे राहिले आणि जठररस लावलेल्यांवर गाठी उठल्या. १९९१ मध्ये अमेरिकेतील डॉ. जेमी कॉफमन यांनी घशाच्या २२५ रोग्यांचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यातून जी गोष्ट निघाली तिने उभय खाती अवाक् झाली: घशापर्यंत आम्ल येणाऱ्या या मंडळींपैकी निम्म्याहून अधिकांस छातीत जळजळ कधी जाणवलीच नव्हती! आंबट ढेकर नाही, करपट ढेकर नाही, छातीवर हात ठेवून उठणे नाही. चोर रात्री येऊन गेला, आणि घरमालकास सकाळी केवळ खाकरण्यावरून त्याचा पत्ता लागायचा. नंतरच्या संशोधकांनी चोराचा साथीदारही हुडकला. पेप्सिन हे जठरातील पाचकद्रव्य वर येऊन घशाच्या अस्तरात दडून बसते, आम्ल नसताना निपचित पडते, आणि पुन्हा काही आंबट आले की जागे होऊन ज्या घरात आश्रय घेतला तेच घर पचवू लागते. ते आंबट खालूनच आले पाहिजे असेही नाही. वरून गेलेला संत्र्याचा रसही त्यास पुरतो, असे म्हणतात. हे शेवटचे वाक्य कळमन्याच्या संत्रा-बाजारात मोठ्याने वाचू नये.

आता या ज्ञानाच्या उजेडात नागपूरकराचा दिनक्रम पाहावा. मराठी विनोदाचे आद्य आचार्य श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १८७१ साली याच शहरी जन्मले आणि त्यांनी आपल्या विनोदी लेखसंग्रहास 'सुदाम्याचे पोहे' असे नाव दिले. परंतु सुदाम्याच्या पोह्यांवर तर्री नव्हती, आणि म्हणूनच ते श्रीकृष्णास पचले असावेत. आमचे पोहे निराळे. सकाळी सातच्या ठोक्यास ठेल्यासमोर उभे राहावे. ठेलेवाला कागदाच्या बशीत पोह्यांचा ढीग रचतो, पळीच्या पाठीने त्यात एक खळगा करतो, हरभऱ्याच्या रश्शाच्या पातेल्यात पळी थेट तळाशी न नेता वरच्यावर अशी काही फिरवतो की रस्सा कमी आणि लाल तवंग अधिक उचलला जावा, आणि तो तवंग त्या खळग्यात ओतून, वर कांदा, हिरवा सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि लिंबाची फोड देतो. बशी निम्मी झाली की ती न बोलता पुन्हा पुढे करायची; तोही न बोलता दुसरी पळी ओततो. तर्री मोजून मागणाऱ्यास येथे परगावचा समजतात. त्यानंतर चहा, आणि त्यानंतर पुष्कळांचा खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे ते घोटीव मिश्रण गालात धरल्यावर माणूस दुपारपर्यंत हुंकारांनी संभाषण करतो, त्यामुळे स्वरयंत्रास विश्रांती मिळते असा त्याच्या समर्थकांचा दावा आहे. तंबाखू नाकेदारास सैल करते ते एक. पण तिचा मुख्य अपराध त्याहून फार गंभीर आहे आणि त्याविषयी विनोद करण्याची माझी इच्छा नाही.

रात्र मात्र सावजीची. इतवारीतून, महालातून, गोळीबार चौकाकडून निघालेली ही विणकर कोष्ट्यांची पाककला. जवसाचे तेल, काळपट होईतो भाजलेला मसाला, आणि असा रस्सा की ज्याचा पहिला घोट घेणारा परगावचा पाहुणा प्रथम पाणी, मग दही आणि शेवटी आईला हाक मारतो. या रश्शाची कीर्ती तिखटाची असली, तरी कंठाच्या खटल्यात तिखट हा दुय्यम आरोपी होय, असे मला अभ्यासान्ती वाटू लागले आहे. खरा सूत्रधार आहे तेल, त्याहून मोठा आहे ताटाचा आकार, आणि सर्वांत मोठे आहे घड्याळ. स्निग्ध अन्न जठरात रेंगाळते. जठर तुडुंब असताना खालचा नाकेदार सैल पडतो. आणि साडेदहाला जेवून साडेअकराला आडवे झालेल्या माणसात, उभेपणी गुरुत्वाकर्षण जी फुकट चाकरी करीत होते तीही संपुष्टात येते. पृथ्वी आपल्यासाठी इतके करते, आणि आपण तिला रात्री अकरानंतर रजा देतो.

या शहराच्या दुर्दैवाने वा सुदैवाने, राज्याचा कंठ वर्षातून एकदा आमच्याच दारी येतो. १९५३च्या नागपूर करारात विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन येथे भरावे असे ठरले, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यापासून बहुधा डिसेंबरात सारे सरकार दप्तरांसह, चोपदारांसह व घशांसह नागपुरात उतरते. दिवसा सभागृहात गदारोळ, बाहेर मोर्चांच्या घोषणा, आणि रात्री? रात्री पक्षभेद विसरून सारे सावजीच्या बाकड्यावर. दुसऱ्या दिवशी एखाद्या सदस्याचा आवाज उठत नाही, तेव्हा वर्तमानपत्रे त्यास नाराजीचे मौन समजतात, पक्षश्रेष्ठी त्याची समजूत घालावयास धावतात, आणि तो बिचारा नुसता खाकरत असतो. राज्याच्या राजकारणातील किती गूढ मौनांचा उगम रश्शात आहे, याची चौकशी व्हावयास हवी. तथापि त्या समितीच्या बैठकाही नागपुरातच भरणार, आणि रात्री जेवणार कोठे, हा प्रश्न उरतोच.

आमचे एक वकील स्नेही उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठापुढे उभे राहतात. त्यांचा आवाज असा की मागील रांगेतील पक्षकारास आपली बाजू बरोबर आहे असे वाटू लागावे. त्या आवाजास महिना-दीड महिन्यापूर्वी घरघर लागली. युक्तिवादाच्या प्रत्येक मुद्द्याआधी ते असे काही खाकरू लागले की प्रतिपक्षास त्यात आपला उपहास ऐकू येई. अखेर घसातज्ज्ञाकडे आम्ही बरोबरच गेलो. डॉक्टरांनी नाकातून एक बारीक दुर्बीण आत सरकविली आणि समोरच्या पडद्यावर साहेबांचा कंठ अवतरला: मध्ये मोत्याच्या रंगाचे दोन तंतू, आणि त्यांच्या मागल्या बाजूस, अन्ननलिकेच्या तोंडाशी, दोन इवल्या कूर्चा सुजून डाळिंबाच्या दाण्यांसारख्या लाल झालेल्या.

"वकीलसाहेब, रात्री जेवता किती वाजता?" डॉक्टर म्हणाले.

"प्रश्न अप्रस्तुत आहे," नाकात दुर्बीण असतानाही साहेबांनी हरकत घेतली. "मला जळजळ कधीही झालेली नाही. पुरावा काय?"

डॉक्टरांनी शांतपणे एक कागद पुढे केला. त्यावर नऊ प्रश्न असतात, प्रत्येकास शून्य ते पाच गुण, आणि बेरीज १३च्या वर गेली की संशयास जागा. आवाज घोगरा होतो का, सारखे खाकरावे लागते का, घशात कफ साचल्यासारखा वाटतो का, गिळताना अडते का, जेवून आडवे झाल्यावर खोकला येतो का, घशात काही अडकल्यासारखे वाटते का… साहेबांनी सगळे प्रश्न वाचले, ते सूचक असल्याचा शेरा मारला, आणि प्रामाणिकपणे २४ गुण भरले. परीक्षेत इतके सहज गुण त्यांस पूर्वी कधी मिळाले नव्हते.

मग आली गोळी. आम्ल रोखणारी ही गोळी उपाशीपोटी, जेवणाच्या अर्ध्या तासापूर्वी घ्यावयाची असते. आणि आमच्या स्नेह्यांनी तिचा जो अर्थ लावला तो त्यांच्या व्यवसायास शोभणाराच होता. अटकपूर्व जामीन! संध्याकाळी गोळी घेतली, अर्धा तास घड्याळाकडे पाहिले, आणि निघाले सावजीकडे, आता कोणते कलम लागू होणार आहे अशा निश्चिंत मुद्रेने. वस्तुतः ही गोळी आम्ल कमी करते, जठरातला माल वर येणे बंद करीत नाही. गुन्हेगार बाहेर पडतोच, फक्त त्याच्या हातचे शस्त्र बोथट झालेले असते, आणि पेप्सिन नावाचा साथीदार तर मोकळाच असतो.

येथवर आल्यावर वाचकांस वाटेल की खटला निकालात निघाला आणि जठर दोषी ठरले. पण मला या निकालाचीही घाई वाटते. एके काळी ज्या जठराकडे घशाचे खाते ढुंकूनही पाहत नव्हते, त्याच जठराच्या डोक्यावर हल्ली घशाची प्रत्येक तक्रार ठेवण्यात येते. काहीच सापडले नाही की 'आम्लामुळे' असा शेरा मारून कागद बंद. दुर्बिणीतून दिसणारी ती लाली धडधाकट माणसांच्या कंठातही पुष्कळदा दिसते, हे डॉक्टरही जाणतात. २०२१ साली ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला: घशाच्या चिवट तक्रारी असलेल्या ३४६ जणांपैकी निम्म्यांस आम्लरोधक गोळी दिली आणि निम्म्यांस हुबेहूब तशीच दिसणारी पण पोकळ गोळी. चार महिन्यांनी दोन्ही गटांचे घसे सुधारले, आणि सारखेच सुधारले. पोकळ गोळीने बरे झालेल्यांचे काय करावे, हा वैद्यकास पडलेला पेच असला तरी आमच्या गावात तो पडत नाही; येथे पोकळ आश्वासनांवर आवाज सुधारलेली माणसे दर डिसेंबरात दिसतात.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नये, म्हणून थोडे थांबून सांगतो. बसलेला आवाज चार आठवड्यांत उठला नाही, तर त्याचे खापर ना हवेवर फोडावे, ना पित्तावर. दुर्बिणीने कंठ पाहून घ्यावा. आणि तोंडात खर्रा वा बोटांत विडी असेल तर चार आठवडे वाट पाहण्याचेही कारण नाही. कर्करोगाचा आवाजही प्रथम असाच घोगरा असतो.

आमच्या स्नेह्यांच्या कंठात सुदैवाने तसले काही नव्हते. डॉक्टरांनी गोळी ठराविक मुदतीची दिली आणि खरा भर पथ्यावर ठेवला. रात्रीच्या जेवणानंतर तीन तास आडवे व्हायचे नाही. खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट घ्यायचा, कारण खाकरल्याने स्वरतंतू एकमेकांवर आपटून सूज वाढते. कुजबुजायचेही नाही, कुजबुजण्याने कंठास उलट ताणच पडतो. आणि पलंगाच्या उशाकडील पायांखाली विटा देऊन ती बाजू वीतभर उंच करायची. उशा वाढवून उपयोग नाही, त्याने पोट दुमडते. या विटांवरून घरात मोठे मंथन झाले. साहेबांच्या सासऱ्यांनी वास्तुशास्त्री बोलावला. त्याने दक्षिणेस उसे, उत्तरेस उतार, म्हणजे फारच उत्तम असा निर्वाळा दिला, आणि ऍलोपथी, आयुर्वेद व वास्तुशास्त्र यांचे या एका पलंगावर एकमत झाले. अडचण इतकीच की रात्रभरात साहेब त्या उतारावरून घसरत पायथ्याशी जमा होतात, आणि पहाटे त्यांस पूर्वस्थितीत आणण्याची अंमलबजावणी वहिनींकडे येते.

राहता राहिला सावजीचा प्रश्न. तिखटाहून वेळ घातक, हे त्यांस पटले होते. तरीही वीस वर्षांचा रात्रीचा परिपाठ मोडायचा म्हणजे ज्याच्या बाकड्यावर तो जमला त्या मालकास सांगणे आले. गेल्या शनिवारी आम्ही दोघे त्याच्याकडे गेलो. साहेबांनी न्यायमूर्तींपुढे मांडावे तसे सारे प्रकरण, अन्ननलिकेच्या लांबीपासून पेप्सिनच्या दगाबाजीपर्यंत, घोगऱ्या आवाजात त्याच्यापुढे मांडले, आणि आपण यापुढे रात्री येऊ शकत नाही असे जड अंतःकरणाने निवेदन केले. मालक गल्ल्यावरच्या नोटा मोजता मोजता ऐकत होता. मान वर न करता तो म्हणाला, "मंग दुपारी या ना साहेब. रस्सा का फक्त रातच्यालेच तिखट राहते?"